उघडा सांधा

बातम्यांच्या शेवटी हवामानाचा नकाशा आला, तेव्हा पट्टीवाले जेवत होते. नकाशावर एक लांबट निळा पट्टा शहराच्या डोक्यावर आडवा पडला होता. निवेदिका सांगत होती, की हा कमी दाबाचा पट्टा फार मंद गतीने सरकतो आहे, एखाद्या जागी तो रेंगाळण्याचीही शक्यता आहे, आणि त्यामुळे पुढचे चार-पाच दिवस विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस पडत राहील. उन्हाळ्यात दुपारी येतो आणि संध्याकाळी निवळतो तसा हा पाऊस नाही. एक ढग गेला की त्याच्या मागून दुसरा येईल.

"चला, उकाडा तरी मोडेल," बायको म्हणाली.

पट्टीवाल्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. मेहुणा समोरच बसला होता. बायकोचा हा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहायचा, जेवायला खाली यायचा आणि दिवसभर त्यांच्याच हाताखाली काम करायचा.

"ताई, आपल्याला उकाडा नको असतो आणि भाऊजींना ढग," तो म्हणाला. "वाटीभर आमटी संपेना बघ त्यांच्याच्यानं."

"तू तुझ्या ताटात बघ," पट्टीवाले म्हणाले.

पट्टीवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. उंच इमारतीच्या डोक्यावर जो तांब्याचा भाला उभा असतो, त्याच्यापासून जमिनीपर्यंत तांब्याची एक पट्टी उतरवलेली असते. वीज पडलीच तर तिने इमारतीत न शिरता त्या पट्टीवरून मुकाट जमिनीत जावं, एवढाच तिचा उपयोग. ही पट्टी बसवायची आणि दर उन्हाळ्यात तपासायची, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. गिऱ्हाइकांच्या दृष्टीने हा माणूस वर्षातून एकदा येतो, भिंतीशी खुडबुड करतो आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगून जातो. त्यामुळे नाव लक्षात ठेवण्याची गरज कुणाला भासली नाही. "ते पट्टीवाले आलेत," एवढं पुरायचं. पुढे पुढे बायकोसुद्धा फोनवर "पट्टीवाले घरी नाहीत" असंच सांगू लागली.

पट्टीला कमरेच्या उंचीवर एक सांधा असतो. तपासणीच्या वेळी तो उघडतात, म्हणजे वरची पट्टी आणि जमिनीतली पट्टी वेगळ्या होतात. मग मीटर लावून जमिनीकडची बाजू बरोबर आहे की नाही ते पाहायचं आणि सांधा परत आवळायचा. दोन बोल्ट, एक पाना. काम अगदी साधं. पण सांधा उघडा राहिला तर वरून आलेली वीज त्या सुट्या टोकापाशी येऊन थांबत नाही. शेजारी जे सापडेल त्यावर उडी मारते. नळ असो, खिडकीचा गज असो, नाहीतर माणूस.

म्हणून पट्टीवाल्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. सांधा उघडला की दोन्ही बोल्ट शर्टाच्या डाव्या खिशात. खिसा जड आहे तोवर जागा सोडायची नाही. निघताना हात छातीशी जायचा, खिसा रिकामा लागला की निघायचं. नास्तिक माणूस पण रोज दहा वेळा छातीला हात लावतो, असं मेहुणा सगळ्यांना सांगायचा.

दुसरी शिस्त त्याहून कडक होती. गडगड ऐकू येत असताना पट्टीला हात लावायचा नाही. शेवटची गडगड झाल्यावर अर्धा तास थांबायचं, आणि मध्ये पुन्हा गडगडलं तर अर्धा तास नव्याने सुरू. तरुणपणी त्यांच्याबरोबर कामाला असलेला एक जण "लांब आहे रे ते" म्हणत पाना घेऊन गेला होता. ते खरंच लांब होतं. त्याच्या चपला त्याच्या घरी नेऊन देण्याचं काम पट्टीवाल्यांकडे आलं होतं. ही गोष्ट त्यांनी मेहुण्याला एकदाच सांगितली होती, आणि तेवढ्या एका गोष्टीवर मेहुण्याने कधी विनोद केला नव्हता.

निळा पट्टा सांगितल्याप्रमाणे आला. सकाळ उजाडली तीच मळकट. पहिल्या सरीत गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडून गार हवा घरात घेतली. दुपारपर्यंत त्यांनीच त्या लावून घेतल्या. संध्याकाळी आकाश निवळलं नाही. ढग पुढे जात होते, पण जातात कुठे ते कळत नव्हतं, कारण डोक्यावरचा काळोख तिथल्या तिथेच होता. अंथरुणावर पडल्यापडल्या पट्टीवाले गडगड ऐकत होते. अर्ध्या तासाची शांतता काही मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने कपडे धुवायला लावले. दोरीवर वाळणार कुठे हा प्रश्न होताच, पण आठवड्याभराच्या घामाचे शर्ट साठले होते. यंत्र फिरू लागलं आणि आतून खडखड आवाज येऊ लागला.

"अहो, तुमच्या खिशात सुटे पैसे राहिलेत वाटतं."

"मी खिशात पैसे ठेवत नाही," पट्टीवाले म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांचा हात छातीच्या डाव्या खिशाकडे गेला.

बायकोने यंत्र थांबवलं, ओल्या कपड्यांत हात घालून चाचपडलं आणि दोन बोल्ट बाहेर काढले. पितळी, जुने, आट्यांमध्ये हिरवट गंज धरलेले. साबणाने डोकी लखलखीत झाली होती. पट्टीवाल्यांनी ते तळहातावर घेऊन उलटून पाहिले.

"रोज रिकामा होतो की तुमचा खिसा," बायको म्हणाली.

"झाला होता. दुसऱ्या शर्टाचा."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ती जवळच्या स्टुलावर बसली. यंदाचा उन्हाळा असह्य होता. पट्टीवाले दुपारी घामाने ओलेचिंब होऊन छातीत सर्दी भरून घेतात, म्हणून या आठवड्यापासून तिनेच रोज पिशवीत एक कोरडा शर्ट घालून द्यायला सुरुवात केली होती. डबा खाल्ला की शर्ट बदलायचा, अशी ताकीदही तिचीच. कुठल्यातरी जागी सांधा जेवणाआधी उघडला गेला होता, बोल्ट ओल्या शर्टाबरोबर पिशवीत गेले होते, आणि निघताना हात कोरड्या शर्टाच्या खिशावर पडला होता. खिसा रिकामा होता. शिस्त तंतोतंत पाळली गेली होती.

"मी कशाला ते शर्टाचं खूळ काढलं," ती म्हणाली.

"तुझा काय संबंध? हात माझा होता."

त्या आठवड्यात जेवणाची वेळ तीन ठिकाणी झाली होती. शीतगृह नवं होतं, तिथले बोल्ट पोलादी. राहिली शाळा आणि इस्पितळाची लाँड्री. शाळेला सुटी होती. तिथल्या शिपायाला फोन करून, हात न लावता लांबून बघायला सांगितलं. तो छत्री घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, सांधा बंद आहे, दोन्ही बोल्ट जागच्या जागी आहेत, आणि आता मला पुन्हा पावसात पाठवू नका.

लाँड्रीत फोन कुणी उचलला नाही. यंत्रांच्या आवाजात तो कुणाला ऐकूही गेला नसता.

"लाँड्री," मेहुणा म्हणाला. तो गडबड ऐकून वरून आला होता, शर्ट अर्धवटच घातलेला. "भाऊजी, तिथे चिमणीला एकच पट्टी आहे ना?"

"एकच."

"आणि त्या तारा."

"हो, त्या ताराही," पट्टीवाले म्हणाले.

लाँड्री इस्पितळाच्या मागच्या अंगाला होती. पाणी तापवण्याच्या भट्टीची विटांची उंच चिमणी, तिला लागून लांबलचक दालन. पट्टी चिमणीवरून उतरून दालनाच्या बाहेरच्या भिंतीवर येत होती, आणि सांध्यापासून हातभर अंतरावर त्याच भिंतीत लोखंडी खुंट्या आरपार ठोकल्या होत्या. त्यांना आतल्या बाजूने जाड तारा बांधल्या होत्या. ऊन असलं की चादरी अंगणात वाळायच्या आणि या तारा रिकाम्या लोंबायच्या. पाऊस असला की सगळ्या चादरी आतल्या तारांवर यायच्या आणि सात-आठ बाया दिवसभर ओल्या हातांनी त्या टाकत नि ओढत राहायच्या. म्हणजे आभाळ गडगडू लागलं की नेमक्या त्याच दिवशी, नेमक्या त्याच तारांना सगळ्यांचे हात. दोघे टेम्पोतून निघाले. काचेवरचं पाणी पुसणारी दांडी इकडून तिकडे जात होती आणि पट्टीवाल्यांच्या डोळ्यांसमोर ते हात येत होते. काल दिवसभर ते हात तिथे होतेच.

पोचले तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं. सांध्याच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून जराशा दूर, ओठ उघडे राहावेत तशा, आणि वरच्या पट्टीच्या टोकावरून पावसाचं पाणी थेंब थेंब गळत होतं. आत बाया चादरी झटकत होत्या. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या. तेवढ्यात डोक्यावरून गाडगं गडगडत न्यावं तसा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला.

मेहुण्याने हात पुढे केला. "बोल्ट द्या. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"भाऊजी, आत बाया आहेत."

"म्हणूनच आधी त्यांना बाहेर काढू. तुला मी तिथे पाठवणार नाही आणि मीही जाणार नाही." त्यांनी बोल्ट खिशात टाकले आणि खिशावर हात ठेवला.

लाँड्री ज्यांच्या हुकमतीखाली होती त्यांना सगळं इस्पितळ मावशी म्हणायचं. डॉक्टरसुद्धा म्हणायचे. बारीक, उंच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पट्टीवाल्यांनी त्यांना दारात बोलावून जे होतं ते सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

"म्हणजे आमची लाँड्री तुमच्या खिशात अडकलीय," मावशी म्हणाल्या.

"हो."

"आणि काल दिवसभर आम्ही त्या तारांशी झोंबत होतो."

"हो."

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग आत तोंड करून म्हणाल्या, "चला गं, सोडा हातातलं. सगळ्या बाहेर. तारेला हात लावायचा नाही, आहे ते तसंच टाका. हो, ती चादर पडू दे. तुझ्या माहेराहून आणलीय का ती?"

अधीक्षकांची खोली पहिल्या मजल्यावर होती. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"इतकी वर्षं तुम्ही सगळं ठीक आहे म्हणून लिहून देता. याही वेळी दिलंत."

"दिलं. ते चुकीचं होतं. चूक माझी आहे."

"ठीक आहे. मग जाऊन लावा."

"गडगड थांबल्याशिवाय नाही लावता येणार, साहेब."

"केव्हा थांबेल?"

पट्टीवाले बाहेर बघू लागले. खिडकीबाहेर आकाशाचा रंग ओल्या राखेचा झाला होता. अधीक्षकांनी त्या दिवसापुरती लाँड्री बंद ठेवायला मान्यता दिली, आणि दोघे दारापाशी गेल्यावर मागून म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्हाला दुसरा कुणीतरी पाहावा लागेल, हे तुम्हाला समजत असेलच." पट्टीवाल्यांनी मान हलवली. मेहुण्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या पायावर त्यांनी हलकेच पाय दिला.

मग वाट बघणं सुरू झालं. लाँड्रीसमोरच्या व्हरांड्यात दोघे बसले. मेहुणा मोबाइलवर अर्ध्या तासाची वेळ लावायचा. शांतता पसरायची, पाऊस नुसता पडत राहायचा, व्हरांड्यातल्या बाया पण गप्प व्हायच्या. अर्धा तास भरत आला की पट्टीवाले पाना हातात घेऊन उभे राहायचे, आणि कुठेतरी दूर, मोठं कपाट सरकवल्यासारखा आवाज व्हायचा. मेहुणा वेळ पुन्हा लावायचा. हे दिवसभर चाललं. एकदा तर आवाज झाला की भास झाला यावरून त्या दोघांत वाद झाला. पट्टीवाल्यांनी झाला असंच धरलं.

"तुमचे कान फार तिखट आहेत," मेहुणा म्हणाला. "ताई हाका मारते तेव्हा कुठे जातात?"

"तुझी ताई गडगडते, पण पडत नाही."

व्हरांड्यातल्या बाया हसल्या. हसणं संपायच्या आत इस्पितळाच्या पलीकडे लख्ख उजेड झाला आणि कानठळ्या बसल्या. दोन रस्ते सोडून कुठेतरी पडली होती. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पुढच्या दिवशी चादरी संपल्या. वॉर्डांतून माणसं येऊन मावशींशी भांडू लागली. दुपारी अधीक्षक स्वतः खाली आले. छत्री असूनही त्यांच्या विजारीचे पाय भिजले होते.

"हे बघा, शस्त्रक्रियांना कपडा नाही. परवापासून गडगडतंय, चिमणीवर काही पडलेलं नाही. बायांना आत जाऊ द्या. तारांना हात न लावता काम करा."

"साहेब, ओल्या चादरी तारांवर टाकायच्या, मग हात न लावता कशा टाकणार?" पट्टीवाले म्हणाले.

"म्हणजे तुमच्या विसरभोळेपणापायी मी इस्पितळ बंद ठेवू?"

बोलणं खोटं नव्हतं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतल्या दोघी उठल्यादेखील. अधीक्षकांच्या विरुद्ध बसून राहणं प्रत्येकीला परवडणारं नव्हतं.

मावशी मात्र पायरीवरून हलल्या नाहीत. "पट्टीवाले, एक विचारते. तुमच्या बायकोला आत्ता आत पाठवाल?"

"नाही."

"या पोराला?" मेहुण्याच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं, पण मावशींना सगळीच पोरं.

"नाही. म्हणून तर दोन दिवस धरून बसलोय त्याला."

"मग झालं." मावशींनी लाँड्रीच्या दाराला कुलूप घातलं आणि जुडगा पुन्हा कमरेला खोचला. "साहेब, चादरी आम्ही वॉर्डांच्या न्हाणीघरांत धुऊन व्हरांड्यात पंख्याखाली वाळवतो. ओल्या-कोरड्या मिळतील, पण मिळतील. तुम्हाला माझ्याविरुद्ध काय लिहायचंय ते लिहा. मला वाचता येतं."

अधीक्षकांनी कुलपाकडे पाहिलं आणि ते छत्री उघडून निघून गेले. संध्याकाळपर्यंत बाया ओल्या चादरींचे गठ्ठे वाहत राहिल्या. पट्टीवाले आणि मेहुणाही वाहू लागले. एका खोलीतल्या म्हाताऱ्या रुग्णाने पट्टीवाल्यांना नवा वॉर्डबॉय समजून पाणी मागितलं, ते त्यांनी आणून दिलं.

पावसाच्या चौथ्या दिवशी पहाट उलटल्यावर ते आले, तेव्हा पाऊस होता पण आवाज नव्हता. दोघे व्हरांड्यात बसले. मेहुण्याने वेळ लावली. अर्धा तास भरला. पट्टीवाले तरीही बसून राहिले, कान टवकारून, चेहरा आभाळाकडे. मग उठले, भिंतीशी गेले, पट्ट्यांची टोकं घासून पुसून जुळवली, एक बोल्ट घातला, दुसरा घातला आणि पाना फिरवला. घालताना दुसरा बोल्ट एकदा ओल्या हातातून चिखलात निसटला, तो मेहुण्याने वाकून शोधून दिला. मीटर लावून पाहिला. मग पाना मेहुण्याच्या हातात देऊन म्हणाले, "तू आवळून बघ." मेहुण्याने पाहिलं. "आता मावशी, तुम्ही हलवून बघा." मावशींनीही पट्टीला धरून हलवून पाहिलं.

"खुंट्या इथून काढून पलीकडच्या भिंतीला ठोकायला हव्यात," पट्टीवाले त्यांना म्हणाले. "आणि चिमणीला दुसरी पट्टी. मी साहेबांना दर वर्षी सांगतो."

"यंदा तुम्ही नका सांगू," मावशी म्हणाल्या. "यंदा मी सांगते."

लाँड्री सुरू झाली. दोन दिवसांचं काम अंगावर पडलं होतं. तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरल्या आणि दालनात पांढऱ्या गल्ल्या तयार झाल्या. पट्टीवाल्यांना घरी जाता आलं असतं. ते दाराशी उभे राहिले. आभाळ सकाळी जेवढं उजळलं होतं तेवढंच पुन्हा उतरू लागलं, आणि दुपारी जेवणं झाल्यावर अधीक्षक काम कुठवर आलंय ते बघायला आले, तेव्हा दिवे लावावे लागले होते.

आणि तेव्हाच ती पडली. उजेड आधी आला की आवाज, कुणाला सांगता आलं नसतं. सगळं दालन क्षणभर पांढऱ्याहून पांढरं झालं, जमीन पायाखाली दणकली, दिवे गेले. चिमणीवरून विटेचे दोन-तीन तुकडे पत्र्यावर येऊन आदळले. हवेत जळकट, तीक्ष्ण वास पसरला. एका बाईच्या हातातलं तपेलं खाली पडून गरगरत राहिलं, तेवढाच आवाज.

मावशींचे दोन्ही हात तारेवर होते.

दिवे आले. सगळ्याजणी आपापल्या जागी होत्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी छातीवर हात ठेवून "बाई गं" म्हटलं, आणि यंत्रं पुन्हा घुरघुरू लागली. अधीक्षकांनी वर चिमणीच्या दिशेने पाहिलं, बायांकडे पाहिलं आणि पट्टीवाल्यांकडे वळले.

"पाहिलंत? पडली, थेट डोक्यावर पडली. झालं काही? उगाच दोन दिवस सगळ्यांना वेठीला धरलंत."

मेहुणा पुढे सरसावला. पट्टीवाल्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला घेऊन बाहेर गेले. पावसात भिंतीशी उभं राहून, हात मागे बांधून, त्यांनी सांधा लांबूनच पाहिला. पट्टीवरून पाणी ओघळत सरळ जमिनीत जात होतं.

आत मावशी तारेकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी हात हळूच काढून घेतले, दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, पदराला पुसले. बाहेर पुन्हा गडगडलं, या वेळी जवळच. एका बाईने विचारलं, मावशी, तारेवरचे हात काढू का? मावशी क्षणभर थांबल्या. मग हात पुढे करून त्यांनी पुढची चादर ओढली.